फुलकिड्याचा उजवा जबडा

एकोणिसावं शतक संपायला पाच-सहा वर्षं उरली होती, तेव्हा मी परळला एका साहेबांच्या हाताखाली किड्यांची चित्रं काढत असे. साहेब शेतकी खात्याचे. पिकांवरच्या किडींची सचित्र वही त्यांना वर पाठवायची होती, आणि मला सहा महिने उमेदवारीवर घेतलं होतं. चित्रं पसंत पडली तर नोकरी पक्की. नाही तर परत वडिलांच्या गणपतीच्या कारखान्यात; राहत होतो गिरगावातल्या घरीच.

वडिलांना मी कारखान्यात परत यायला नको होतं. "मातीत हात घालणारा मी एकटा पुरे. तू ती खुर्ची सोडू नकोस," असं ते उठताबसता बजावत. का, म्हणून विचारलं तर म्हणत, "तुला काय करायच्यात चौकशा?" राग नाकावर ठेवायचा हा आमच्या घराचाच गुण, त्यामुळे मीही दुसऱ्यांदा विचारत नसे. दोनेक वर्षांपासून त्यांनी आणखी एक टूम काढली होती. जेवायला असो की बोलायला, मी त्यांच्या डाव्या हाताला बसायचं. म्हातारपणाची लहर, म्हणून मी सोडून दिलं.

चित्र काढायला त्यांनीच शिकवलं होतं. गणपतीच्या चेहऱ्याचा नमुना कागदावर करताना आमच्याकडे अर्धाच काढत. मग कागद मधोमध दुमडायचा आणि मागून नखाने घासायचा. शिसपेन्सिलीच्या रेघा पलीकडे उमटतात आणि दुसरा अर्धा आपसूक तयार होतो. डोळ्यांच्या जागी सुईने भोकं पाडून तो कागद मूर्तीवर धरायचा, वरून कोळशाची पूड मारायची. दोन डोळ्यांत केसाचाही फरक राहत नसे. ही पद्धत मी परळला साहेबांना न सांगता वापरत होतो, आणि टोळ, भुंगेरे, पिकांवरचे ढेकूण सगळे तिने सुरेख उतरले होते.

मग एके दिवशी माहीमच्या वाडीतला माळी मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आला. कळ्या कडेने तपकिरी पडलेल्या, न उमलताच सुकलेल्या. उन्हाने जाळल्या म्हणाला. साहेबांनी एक कळी पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटकली. मला वाटलं, धूळ पडली. मग धूळ चालायला लागली.

हा फुलकिडा. लांबीला तिळाच्या निम्माही नाही, अंगाने बारीक, पिवळट. भिंगाखाली धरला तेव्हा पहिल्यांदा पंख कळले. पंख कसले, चार अरुंद पट्ट्या, त्यांच्या दोन्ही कडांना लांब केसांची झालर. पायांना नखं दिसेनात. टोकाला एक फुगा, पाय टेकला की फुगायचा, उचलला की आत जायचा. मादीच्या शेपटाखाली करवतीच्या पात्यासारखी नांगी होती. तिने पाकळी चिरून ती आत अंडं घालते, असं साहेबांनी सांगितलं. डोक्यावरची शिंगं मण्यामण्यांची. "मणी सात की आठ, नीट मोज. त्यावरून कुठला फुलकिडा ते ठरतं," असंही ते म्हणाले. मी तीनदा मोजले, सातच भरले.

तोंड पाहायला साहेबांनी तीन किडे खाराच्या पाण्यात उकळून आरपार केले आणि एकेका काचपट्टीवर बसवले. डोक्याखाली, मागे वळलेल्या सोंडेत डाव्या बाजूला एक सुईसारखा जबडा होता. मी डावी बाजू मन लावून काढली, कागद दुमडला, घासला. संध्याकाळी चित्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. आपण फार हुशार आहोत, असं मला त्या दिवशी वाटत होतं हे कबूल करतो.

सकाळी साहेबांनी बोलावलं. चित्रावर टाक टेकवून त्यांनी विचारलं, "हा उजवा जबडा तुला कुठल्या काचेवर दिसला?"

"याच," हा शब्द ओठांवर आला होता. तो उच्चारला असता तर साहेबांनी बहुधा मानलंही असतं, नोकरीही लागली असती. पण त्यांनी भिंग माझ्याकडे सरकवलं आणि मी वाकलो. उजवीकडे काही नव्हतं. दुसऱ्या काचेवर नव्हतं, तिसऱ्यावर नव्हतं. फुलकिड्याला जबडा एकच, तो डावा.

"दिसला नाही," मी म्हणालो. "घडीतून आला." साहेबांना कळेना, तेव्हा कोरा कागद घेऊन अर्धा किडा काढून, दुमडून, घासून दाखवला. ते हसले नाहीत. आधीची सगळी चित्रं मागवून, एकेक किडा भिंगाखाली धरून ताडून पाहायला त्यांनी मला बसवलं. आठ दिवस लागले. फुलकिडा पुन्हा काढला, या खेपेला दोन्ही बाजू बघून. नवव्या दिवशी नोकरी पक्की झाल्याचा कागद हातात पडला.

चालतच घरी आलो. वडील कारखान्यात एका मूर्तीचे डोळे रंगवत होते. कागद दाखवायच्या घाईत मी नेमका त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसलो. ते दचकले. मी आल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं, पण तेवढ्यात मी पाहिलं. उजवा डोळा दुधासारखा पांढरा झाला होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन गणपती झाले."

"आणि मूर्तीचे डोळे?"

"डाव्या हाताचा दिसतो तसा काढतो. उजवीकडचा कागद काढतो." त्यांनी कुंचला खाली ठेवला. "आता माझा डावाही दुखायला लागलाय. तो गेला की कारखाना बंद. म्हणून तुला म्हणत होतो, ती खुर्ची सोडू नकोस."

मला स्वतःची लाज वाटली. दोन वर्षं एका घरात राहून मी त्यांचा अर्धाच चेहरा पाहिला होता. मी नोकरीचा कागद त्यांच्या डाव्या बाजूला धरला. त्यांनी तो सावकाश, शेवटच्या ओळीपर्यंत वाचला.