इनासमामाचा निरोप

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि चर्चमध्ये पापनिवेदनाला गुडघे टेकले तेव्हा फादरांनाही नाही. तिथे मी बाकीची पापं सांगायचो — राग केला, दारू प्यालो, खोटं बोललो — असं सगळं ढोबळ. ‘खोटं बोललो’ म्हटलं की त्यात हेही आलंच, अशी मी माझी समजूत घालायचो. आलं का त्यात? नाही आलं. ते मला तेव्हाही माहीत होतं.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमतंय — की हीसुद्धा पळवाटच? असेल. मी राजोडीचा. बरीच वर्षं मालवाहू जहाजांवर नोकरी केली. आता बोळिंजला फ्लॅट घेऊन राहतो आणि बोटीवर जाणाऱ्या मुलांना एका संस्थेत शिकवतो. काय शिकवतो? हसू नका. खलाशाचे हक्क शिकवतो. त्याला विश्रांती किती मिळाली पाहिजे, प्यायचं पाणी कसं पाहिजे, करार संपल्यावर त्याला घरी पोचवायची जबाबदारी कोणाची. आणि आजारी पडला तर? तर जहाज ज्या बंदरात असेल तिथल्या डॉक्टरकडे जायचा त्याला हक्क आहे. खर्च मालकाचा. आणि हक्क मागितला म्हणून कोणी त्याच्यावर डूख धरायचा नाही. हे सगळं मी फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहितो. मी चांगलं शिकवतो असं मुलं म्हणतात.

कायदा चांगला आहे, त्याची मी थट्टा करत नाही. ज्यांनी तो केला त्यांनी खलाशाचा विचार केला होता. आमच्या जहाजावर जेवणाच्या खोलीत तो भिंतीवर काचेत लावलेला असायचा, इंग्लिशमध्ये. ज्याला इंग्लिश येत नाही त्याने काय करायचं? ज्याला येतं त्याला सांगायचं, की बाबा, माझं एवढं वर पोचव. इनासमामासाठी असा माणूस मी होतो.

इनासमामा आमचा चीफ कुक. सख्खा मामा नव्हे — माझ्या आईच्या वाडीतला, म्हणून मामा. आडव्या बांध्याचा, हसरा, आणि भारी बोलका. मी त्या जहाजावर सेकंड ऑफिसर म्हणून चढलो तेव्हा शिडीवर मला बघून त्याला कोण आनंद झाला! गावच्या पोराच्या खांद्यावर पट्ट्या दिसल्या, तर त्याने त्या दिवशी सगळ्यांना गोड खाऊ घातलं. चारचौघांत मला साहेब म्हणायचा आणि एकटा सापडलो की बाबू.

आमची गावची बोली त्या जहाजावर आम्हा दोघांशिवाय कोणालाच कळत नव्हती. त्याचा आम्ही काय फायदा घेतला म्हणून सांगू! कॅप्टनसाहेब समोर उभे असताना त्यांच्याच पोटाच्या घेराची मापं काढायचो, आणि चेहरे असे की जणू उद्याचा स्वयंपाक ठरतोय. कॅप्टन विचारायचे, काय म्हणतोय कुक? मी म्हणायचो, सर, उद्या भात करू की चपाती विचारतोय. मामा मान डोलवायचा आणि खाली जाऊन पोट धरून हसायचा. हा आमचा रोजचा खेळ होता. जहाजावर करमणूक ती कितीशी असते?

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो. औषधांच्या कपाटाची किल्ली सेकंड ऑफिसरकडे असते. त्याने जुजबी प्रशिक्षण घेतलेलं असतं, आणि दुखणं त्याच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर त्याने ते कॅप्टनच्या कानावर घालायचं असतं. म्हणजे बघा — मी मामाचा गाववाला होतो, त्याचा दुभाषा होतो आणि जहाजाचा डॉक्टरही होतो. त्याने आणखी कोणाकडे जायचं होतं?

एका परक्या बंदराबाहेर आम्ही नांगर टाकून होतो. माल उतरवून झाला होता, दुपारी निघायचं होतं. किनाऱ्यावरून कंपनीच्या तिथल्या एजंटची लहान बोट शेवटची एक फेरी मारणार होती — थोडं सामान द्यायचं आणि परत जायचं. त्या सकाळी कॅप्टन खुशीत होते. माझी बढती त्यांच्या शेऱ्यावर अडली होती, आणि नाश्त्याला ते आपणहून म्हणाले होते की तुझा शेरा या आठवड्यात लिहून टाकतो. मी आतून फुललो होतो. ते खोटं कशाला सांगू?

सकाळच्या चहाला ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, रोज मेसमन, म्हणजे जेवण वाढणारा पोऱ्या, यायचा. त्या दिवशी स्वतः मामा चहा घेऊन आला. इतके जिने चढून. कपाळावर घाम होता, पण घाम गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, नेहमीचाच. त्याने कॅप्टनना कप दिला, मला दिला, आणि तोंडावर आमच्या खेळातलं ते हसू ठेवून, आमच्या बोलीत, अगदी सहज म्हणाला,

“बाबू, कालपासून मना छातीत बरा नाय वाटत. डावा हात जड झालाय. बोट येईल त्यातून मना डाक्टरकडं पाठव. तू साहेबाला सांग, मना इंग्लिश नाय जमत.”

हसत का म्हणाला? मी यावर खूप विचार केलाय. आजारी म्हणून एकदा घरी पाठवलं की पुढचा करार मिळत नाही, ही भीती प्रत्येक खलाशाला असते, आणि त्यालाही होती. कॅप्टनने त्याचा घाबरलेला चेहरा बघू नये, नीट शब्दांत माझ्याकडून ऐकावं, असं त्याच्या मनात असणार. त्याचा माझ्यावर तेवढा विश्वास होता.

कॅप्टननी नेहमीसारखं विचारलं, काय म्हणतोय कुक?

आणि मी — थांबा, आधी माझ्या डोक्यात त्या क्षणी काय काय आलं तेही सांगतो. मामाला किनाऱ्यावर पाठवायचा म्हणजे एजंटला फोन, मालकाला फोन, डॉक्टरने ठेवून घेतला तर दुसरा कुक, नाहीतर जहाज अडकणार. कॅप्टनच्या कपाळाला आठी पडणार. आणि ती आठी माझ्यामुळे पडणार. ते रागावले असते असंसुद्धा नाही हो! कदाचित लगेच हो म्हणाले असते. मला नुसती ती आठी नको होती, त्या सकाळी नको होती. म्हणून जिभेवर रोजचं जे होतं ते बाहेर आलं. मी म्हणालो, “सर, ताजे फिश मागवू का विचारतोय.”

स्वयंपाक्याला इंग्लिशमधलं काहीही आलं नाही तरी ‘फिश’ कळतंच. मामाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपण चुकीच्या घरात शिरलो असं वाटून माणूस जसा बघतो, तसं. कॅप्टन तर खूशच झाले. वा, मागव, म्हणाले. मामाने मान डोलवली, रिकामे कप गोळा केले आणि जिने उतरून गेला. त्या वेळीसुद्धा मला तोंड उघडता आलं असतं. कॅप्टन माझ्या शेजारीच उभे होते. मी काय केलं? समुद्राकडे बघत चहा प्यायलो.

दुपारी एजंटची बोट आली, मासे देऊन गेली. रिकामी गेली. नंतर मी गॅलीत जाऊन मामाला पित्ताच्या गोळ्या दिल्या, म्हणालो गॅस असेल, पुढच्या बंदरात बघू, मी स्वतः घेऊन जाईन. तो ‘बरा’ एवढंच म्हणाला. ब्रिजवरचा विषय त्याने काढला नाही, मीही काढला नाही. तोवर नांगर उचलला होता. जेवणाच्या वेळी त्या माशांतला मोठा तुकडा त्याने माझ्या ताटात घातला.

“ताजा हाय,” म्हणाला. “खा.”

मी खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेसमनला तो गॅलीत दिसला, बटाट्याच्या गोणीवर बसलेला, भिंतीला टेकून. पावाची भट्टी चालू होती. मी धावत गेलो, छाती दाबली, शिकवलेलं सगळं केलं. काही उपयोग झाला नाही. कॅप्टन अक्षरशः रडले. मग त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावून विचारलं, त्याने कोणाकडे काही तक्रार केली होती का? मेसमन नाही म्हणाला, खरंच त्याला माहीत नव्हतं. मग माझी पाळी आली. मी म्हणालो, नाही सर. पित्ताच्या गोळ्यांचंसुद्धा बोललो नाही.

तो वाचला असता का? डॉक्टरही ठामपणे सांगू शकणार नाही. आणि या ‘सांगता येत नाही’च्या आडोशाला मी किती वर्षं बसून काढली! पण बोट आली होती. त्यात जागा होती. एवढं तर सांगता येतं.

करार संपवून गावी आलो तेव्हा पुढच्या बंदरातून घरी पाठवलेल्या मामाला पुरून झालेलं होतं. मी मार्थामामीकडे गेलो. मामी ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती. पाणी दिलं, आईची चौकशी केली, आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं की तू होतास ना तिकडं, तुला काय बोलला का रे तो? माझी पक्की खात्री आहे, त्या वेळी मी खरं सांगितलं असतं तर तिने मला शिव्या घातल्या असत्या, कदाचित मारलंही असतं, पण तिचा नवरा तिला परत मिळाला असता. मी म्हणालो, “नाय मामी. कुनालाच काय बोलला नाय.”

मला वाटलं होतं, यातून तिला शांती मिळेल. असं वाटलं होतं का खरंच? की मला सुटायचं होतं? सुटायचंच होतं.

मामीला शांती मिळाली नाही. तिला राग आला — मेलेल्या माणसाचा. इतक्या वर्षांचा संसार, आणि दुखतंय एवढंसुद्धा सांगितलं नाही? फोनवर हसत बोलला, म्हणाला मी मजेत आहे. मग आमच्याकडून काय काय लपवलं असेल? तो राग वर्षागणिक वाढतच गेला. गावातली पोरं बोटीवर जाताना घरोघर आशीर्वाद घ्यायला जातात, तेव्हा ती त्यांना सांगायची की दुखलं तर तोंड उघडा, इनाससारखे मुके होऊ नका. मुका! आमचा इनासमामा! गावात ते वाक्य रुळलं. पोरं एकमेकांना गमतीत म्हणायला लागली.

आणि मी? मी त्यांच्याही वरचा. संस्थेत शिकवताना मी हेच उदाहरण द्यायला लागलो. नाव न घेता. आमच्या जहाजावर एक कुक होता, सांगायचो, त्याला हक्क होता पण त्याने तो वापरला नाही, दुखणं अंगावर काढलं आणि गेला. मुलं वहीत लिहून घ्यायची. धडा चांगला वठायचा. असं मी एकदा नाही, दर नव्या तुकडीला सांगितलं. माणूस मेला, त्याचं बोलणं मी गिळलं, आणि वर त्यालाच मुका ठरवून त्याच्यावर शिकवत राहिलो. यापेक्षा खाली जाता येत असेल तर मला ठाऊक नाही.

यंदा मार्थामामी गेली. बरेच दिवस अंथरुणाला खिळून होती, मी अधूनमधून जात होतो. खुर्ची ओढून जवळ बसायचो, आज सांगू असं ठरवून. मोसंबी सोलून द्यायचो आणि उठायचो. आमच्याकडे घराण्याची कबर असते, नवरा-बायकोची माती एकत्र होते, त्यात विचारायचं काही नसतं. मामीने शेवटी मुलीला, लीनाला, जवळ घेऊन सांगितलं की मना त्याच्याजवळ नको ठेवू, मना माझ्या आई-बापाशेजारी ठेव. तिचं माहेर गावातच. फादरांनी समजावलं, दिरांनी समजावलं, ती हलली नाही. मी खोलीत होतो. मी तर समजावलंसुद्धा नाही.

मग तसंच झालं. दफनभूमीत मामी एका टोकाला, मामा दुसऱ्या टोकाला. पेटीला माझाही खांदा होता. माती टाकून लोक पांगले. लीनाच्या हातात फुलांचे दोन गुच्छ होते. एक तिने आईच्या ओल्या मातीवर ठेवला आणि दुसरा घेऊन बापाच्या कबरीकडे निघाली. एकटी जात होती, म्हणून मी बरोबर चालू लागलो. अर्ध्या वाटेत तिने गुच्छ दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, “दादा, पप्पा एकदा तरी कोणाला बोलले असते ना, तर आज मला अशी दोन ठिकाणी फुलं ठेवायला लागली नसती.”

मी म्हणालो, “हो.”