घाटनांदूरच्या शिवारातली शेवटची येळवस

"मंगल, औंदा येळवशीला येच," दादाचा फोन आला. "रान सोलरवाल्यांना भाड्यानं द्यावं म्हनतोय. तिथं सोलरच्या पाट्या लागल्यावर कोप कुठं घालायची?"

"दिलंस का?"

"न्हाई अजून. तू ये आधी."

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडे घराला कुलूप लागतं आणि सगळे रानात जातात. ज्वारीच्या कडब्याची झोपडी, म्हणजे कोप, उभी करायची. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. आदल्या दिवशी बिंदग्यात, म्हणजे मातीच्या घागरीत, ज्वारीच्या पिठाचं आंबील ताकात आंबत ठेवायचं. सकाळी ते रानाभोवती शिंपडायचं, काळ्या आईचा घास म्हणून.

मी परळीत दिलेली, घाटनांदूर माझं माहेर. आदल्या दिवशी पहाटे वैजनाथाला बेल वाहिला आणि पॅसेंजर धरली. जाणाऱ्यांनी रेल्वेनंच जावं, दोन चहांच्या पैशात घाटनांदूर येतं. गाडीला उशीर होतो हे धरून चाला, भाकरी-चटणी बांधून घ्या. येळवशीच्या दिवशी गावात चहासुद्धा मिळत नाही, सगळे रानात असतात.

परळीच्या वीज केंद्राच्या चिमण्या मागे पडल्या आणि मी खिडकीला डोकं टेकलं. शाळेत भूगोलात पाठ केलं होतं, आपला भाग पर्जन्यछायेचा, काटेरी झुडपांचा. या दिवसांत माळ पिवळाधमक असतो आणि साडीला कुसळं चिकटतात. यंदा बाभळी-बोरींच्या बुडाला हिरवंगार गाजरगवत माजलेलं. हिरवं बघून कुणालाही बरं वाटावं, मी मात्र त्यात पिवळं कुसळ शोधत राहिले.

स्टेशनवर वहिनी आली होती. माझ्या खांद्यावर फुंकर मारत म्हणाली, "वन्स, पावडर लावलीय का परळीची राख?" हसली, पण डोळे हसत नव्हते.

रानात गेलो तेव्हा कळलं. या दिवसांत ज्वारीत माणूस दिसत नाही, यंदा ती घोट्याएवढीच होती. पाऊस पार कार्तिकापर्यंत हटला नाही, जमीन पेरणीजोगी सुकून वाफसाच आला नाही, पेरणी लांबली. तुरीचा फुलोरा झडला. भज्जीच्या मिश्र भाजीसाठी शेंगा बाजारातून आणलेल्या आणि कोपेला कडबा शेजाऱ्याचा, तोही मागच्या सालचा.

"पाऊस जास्त झाला म्हणजे चांगलंच की," मी म्हणाले.

दादाची सुप्रिया शेतकीच्या कॉलेजात शिकते. ती म्हणाली, "आत्या, समुद्र तापलाय. गरम हवा जास्त वाफ धरते आन् सोडते ती एकदमच. म्हणून मधी महिनाभर खडखडीत, मग धो धो. एका सालाचं म्हणत न्हाई मी. पण वरचेवर असंच व्हायलंय."

रात्री वहिनीनं बिंदगं कोनाड्यात ठेवलं, सासूनं शिकवल्याप्रमाणे, त्याच वेळी, तेवढ्याच ताकात. मी वाकळ अंगावर घेतली आणि थोड्या वेळानं पायानं सरकवली. मार्गशीर्षातली अमावास्या, आणि उकडत होतं! बाहेर आभाळ भरलेलं.

सकाळी वहिनी ओरडली. आंबील फसफसून उतू गेलं होतं, फडकं भिजलेलं, आंबूस वास सगळ्या घरात.

"माझ्याच हाताला काय झालं गं?" ती खालीच बसली.

"आई, हाताला न्हाई, रातीला झालंय," सुप्रिया म्हणाली. "थंडीच न्हाई तर आंबील दमानं कसं आंबंल? कोळसा जळतो त्याचा वायू वर साठतो. जमिनीवर वाकळीवर वाकळ टाकल्यासारखं हाय ते. ऊब बाहेरच जात न्हाई."

कोळसा म्हटल्यावर कुणी माझ्याकडे बघितलं नाही. आमच्या ह्यांची सारी नोकरी कोळशाच्या वॅगनी उतरवण्यात गेली. लेकरांची शिक्षणं त्यावरच झाली.

"दुसरं करू का?" मी विचारलं.

"कधी आंबायचं ते?" वहिनीनं डोळे पुसले. "हायेच तेच घ्या. काळ्या आईला कळतंय सगळं."

दादा आंबट आंबील घेऊन निघाला. मी मागं. दरवर्षी आरोळ्या देत, पळत फेरी होते. यंदा त्यानं नुसतं आंबील शिंपडलं. बांधाच्या कोपऱ्यावर लाल फडकं बांधलेली खुंटी दिसली. पुढे दुसरी. मोजणीवाले येऊन गेले होते. दादा प्रत्येक खुंटीला बाहेरून वळसा घालून चालला.

देऊ नको, असं सांगायला मी आले होते. शब्द ओठांवर होते.

"सही केलीस?"

"परवाच." त्यानं शेवटचं आंबील खुंटीच्या बुडाशी ओतलं. "पाऊस फशिवतो, मंगल. ऊन तरी फशिवत न्हाई."

त्या पाट्यांनी कोळसा कमी जळेल म्हणे. चांगलंच आहे. पण कोपेत बसून बाजरीचा वाफवलेला उंडा आणि भज्जी खाताना मी त्या खुंट्याच मोजत होते. पांडवांपुढं हात जोडले आणि काही मागायचं सुचलंच नाही.

निघताना दादानं पाचही दगड फडक्यात बांधून माझ्या पिशवीत ठेवले. "तुझ्या गच्चीवर मांड. हितं पाट्यांखाली कुणी ढुंकून बघायचं न्हाई."

पिशवी जड झाली होती. येताना मांडीवरच धरून बसले.

आता ते गच्चीवर तुळशीशेजारी आहेत. सकाळी पाणी घालायला जाते तेव्हा रात्रीतून चुन्यावर राखेचा करडा थर बसलेला असतो. एकेक दगड पदरानं पुसते, मग वैजनाथाच्या कळसाकडे बघून हात जोडते. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा करडे झालेले असतात.