भाऊजींचं फाटक

उमेळे गावात आमच्या भाऊजींइतका शिस्तीचा माणूस झाला नाही आणि होणारही नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मग माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, काहीही म्हणो. उभा जन्म त्यांनी एका कचेरीत लिनक्सचे संगणक सांभाळण्यात घालवला आणि निवृत्त झाल्यावर घरही त्याच पद्धतीने चालवायला घेतलं. आपण लॉगिन केलं की यंत्र आधी सगळ्यांसाठीची सामाईक प्रोफाइल, म्हणजे सेटिंगची फाइल, वाचतं, मग ज्याची त्याची घरची. भाषा कोणती, प्रोग्रॅम कुठे शोधायचे, हे तिथे ठरतं. भाऊजींच्या मते संसाराचंही तसंच. चपला कुठे काढायच्या हे सामाईक, चहात साखर किती हे ज्याचं त्याचं. एकदा मी त्यांच्या कपात माझ्या अंदाजाने साखर घातली, तर शांतपणे म्हणाले, "माझ्या फायलीत दुसऱ्या कोनी लिहायचं नाय."

पण खरी गंमत फाटकाची. प्रोफाइल बदलली तरी आधीच आत बसलेल्याला ती लागू होत नाही. बाहेर पडून पुन्हा लॉगिन करावं लागतं. म्हणून घरात भांडण झालं की ज्याचं चुकलं त्याने केळीच्या वाडीतून फाटकापर्यंत जायचं, बाहेर पडायचं, फाटक लावायचं आणि पुन्हा आत यायचं. मग मागचं कुणी काढायचं नाही. भाजी खारट झाली की ताई आपणहून फाटकाकडे निघते. मीही छत्री घेऊन भर पावसात जाऊन आलोय. भाऊजी मात्र कधी गेले नव्हते, कारण त्यांचं कधी चुकतच नसे.

त्यांची एकुलती एक लेक, माझी भाची, पुण्याला नोकरीला निघाली तेव्हा मात्र ते बिथरले. वाडी सोडून जाणाऱ्या पोरीशी त्यांनी बोलणंच टाकलं. पोरगीही त्यांचीच, तीही फोन करेना. दोघांच्या मध्ये ताई झुरत राहिली.

मग एके सकाळी फोन वाजला, मी तिथेच होतो. लेकीचं पहिलंच मोठं काम अडलं होतं आणि संध्याकाळी साहेबांना दाखवायचं होतं. तिचा प्रोग्रॅम टर्मिनलमधून, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीतून, चाले, मेनूतून उघडला की बंद पडे. भाऊजींनी ना खुशाली विचारली ना काही. सेटिंग कुठे लिहिलीस एवढंच विचारलं. ती म्हणाली, टर्मिनल उघडताना वाचली जाते त्या फायलीत.

"बाय, मेनू ती फाईल वाचत नाय. सेटिंग तुझ्या घरच्या प्रोफाइलमध्ये लिही. मग बाहेर पड नि परत आत ये."

संध्याकाळी चाललं म्हणून ताईला निरोप आला. दुसऱ्या दिवशी भाजीवाल्यापासून देवळाच्या पुजाऱ्यापर्यंत अख्ख्या उमेळ्याला भाऊजींकडून कळलं की यांच्या लेकीने पुण्याचं काम मार्गी लावलं. स्वतःचं नाव त्यांनी कुठे घेतलं नाही, याचा मला त्यांच्याहून जास्त अभिमान वाटला.

गणपतीला ती आली. ओट्यावर बॅग ठेवली, बापाकडे पाहिलं आणि फाटकाकडे वळली. भाऊजींनी तिला हाताने थांबवलं. चपला घातल्या, केळीतून चालत गेले, बाहेर पडले, फाटक लावलं, पुन्हा उघडलं आणि आत आले.

"पानी देऊ तुला?" त्यांनी विचारलं. ताईने डोळ्याला पदर लावला.

आता वाडीच्या तिन्ही बाजूंना इमारती आल्यात. लेक सुट्टीला आली की बापलेक कशावरूनही भांडण उकरून काढतात आणि दोघंही फाटकापर्यंत बरोबर जातात. परत यायला त्यांना बराच वेळ लागतो.