मशीनला सरावलेलं बाळ

आमच्या सासूबाई पडदे शिवतात आणि शिवता शिवता माझ्यावर खेकसतात. त्यांच्या मशीनची धडधड सुरू झाली की माझ्या पोटातलं बाळ लाथ मारायचं. ती लाथ हाताला लागल्याशिवाय सासूबाई कामाला हातच घालत नसत.

आठव्या महिन्यात एका सकाळी मशीन सुरू झालं, पण पोटात सगळं शांत. सासूबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. मला त्यांनी तशीच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी ठोके ऐकले, मग स्टीलचा ट्रे खणकन वाजवला. अशी लाथ बसली की मी कळवळले.

"बाळ ठणठणीत आहे," त्या हसल्या. "मेंदू घडतोय त्याचा. रोजचा आवाज ओळखून सोडून द्यायला शिकलंय."

सासूबाईंचा जीव भांड्यात पडला. हल्ली त्यांना शेजारणीचं नावसुद्धा पटकन आठवत नाही, त्याची धास्ती त्यांनी मनातच ठेवली होती. घरी येऊन मशीनवर बसल्या, माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझ्या डोक्यातून गळतंय ते कुठे साठतंय, कळलं बाई एकदाचं!"