गाढवीचे लाड

दौलताबादच्या अलीकडं आमची दोन एकर जमीन आहे. निवृत्तीनंतर तिथं सीताफळं लावायचं ठरवलं होतं, ती लावलीही. पण येणारे-जाणारे आमचं शेत ओळखतात ते गाढवांमुळं. एक गाढवी आणि तिची लेक. दोघी सकाळी इतक्या मोठ्यानं ओरडतात की आमच्या घरात गजर लावावा लागत नाही. नवरा म्हणतो, बायकोला सुरात सूर मिळवणाऱ्या मिळाल्या. म्हणू दे. मला त्यांच्यापायी इथं फार सुख वाटतं.

गाढवी आणली ती वीटभट्टीवरून, दूधपित्या लेकीसकट. पाठीवर दोन जखमा, बरगड्या वर आलेल्या. ती विकणाऱ्या म्हाताऱ्याला मी निघताना चांगलं सुनावलं होतं, की आता हिच्या पाठीवर एक वीटसुद्धा चढणार नाही. तिच्या कानामागं खाजवून त्यानं दोरी माझ्या हातात दिली.

मग मी लाड सुरू केले. सकाळी गूळ-भाकरी, दुपारी हिरवा घास, संध्याकाळी पुन्हा गूळ-भाकरी आणि सणाला पुरणपोळी. गाढवाला गुळाची चव काय, असं ज्यानं कुणी म्हटलं, त्यानं गाढव पाळलेलं नसणार. दोन वर्षांत गाढवी चांगली गरगरीत झाली. मानेवर चरबीची वळी आली, तीही मी पाहुण्यांना कौतुकानं दाखवायचे.

एका सकाळी ती ओरडली नाही. गोठ्यात जाऊन बघते तर तिला पाय पुढं टाकता येईना. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि स्पष्टच सांगितलं, की गोडधोडानं खूर आतून सुजलेत, वाढलेतही बेसुमार. आता ही बसली तर उठेल याची खात्री नाही. खूर कापणारा जाणता माणूस लवकर शोधा, म्हणाले. असा एकच माणूस मला ठाऊक होता.

मान खाली घालून भट्टीवर गेले. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या स्कूटीवर मागं बसला. त्यानं चारही खूर हलक्या हातानं कापले, गूळ-भाकरी बंद करून नुसतं वाळलं गवत घालायला सांगितलं. नंतरही तो अधूनमधून येत राहिला. दोन-अडीच महिन्यांनी गाढवी आपल्या पायांनी बांधापर्यंत गेली आणि चारी पाय वर करून मातीत मनसोक्त लोळली.

मला रडू आवरेना. मी म्हणाले, "मामा, घेऊन जा हिला. तुम्हाला जनावर कळतं, मला नाही."

तो खूर कापायचं पातं धोतराला पुसत होता.

"नाय बाई," तो म्हणाला. "माझ्याकडं हिच्या आधी चार मेल्या. म्या एकदाबी रडलो नाय. हिला इथंच ऱ्हाऊ द्या."