हात ढिल्ला सोडा, ताई

शेवटच्या केमोच्या दिवशी माझी नस हरवली. होती हातातच, पण सापडेना. डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे सुई फक्त उजव्या हाताला टोचायची, आणि आधीच्या पाच केमोंनी त्या हाताच्या शिरा काळवंडून आत दडी मारून बसल्या होत्या. बुलढाण्याच्या त्या दवाखान्यातली सिस्टर हाताची हलकी, पण तिनंही दोनदा टोचलं आणि दोन्ही वेळा कापूस दाबून बाजूला झाली.

"आता नाही जमलं तर मॅडम, मोठ्या शहरात जाऊन छातीत नळी बसवावी लागेल," ती म्हणाली. "हे लाल औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी जळते. मी धोका घेणार नाही."

म्हणजे सगळं पुढे ढकललं जाणार. आणि मला शाळा उघडायच्या दिवशी वर्गात उभं राहायचं होतं. मेहकरजवळच्या आमच्या शाळेतली माझी पहिलीची पोरं मला सोडून दुसरीत गेली होती. नवी पहिली मी कुणालाही देणार नव्हते. मला रडू आलं, आणि रडू आलं की मी चिडते. शेजारी नवरा उभा होता. सहाही वेळा त्यानं सिस्टरला एकच प्रश्न विचारला होता, "लय दुखनार नाही ना?" आणि सहाही वेळा घाम त्यालाच फुटला होता. मी त्याला बाहेर पिटाळलं.

पलीकडच्या खुर्चीवर चाची बसली होती. मोताळ्याच्या बाजारात बांगड्या विकणारी. आमच्या तारखा जुळल्या होत्या, त्यामुळे दर एकवीस दिवसांनी भेट ठरलेली. दोघींच्या डोक्यावर मिळून एक केस नव्हता. आधी रक्ताचा रिपोर्ट, तो बरा आला की सलाइन, मग उलटीचं इंजेक्शन, मग औषध. एवढ्या वेळात तिची मला अर्ध्या मोताळ्याच्या मनगटांची मापं सांगून झाली होती. तिचा त्या दिवशीचा रिपोर्ट अजून यायचा होता.

"ताई, हात काऊन आवळून राह्यल्या? मले द्या जरा."

"चाची, ही सुई आहे, बांगडी नाही," मी खेकसले. आजारी पडल्यापासून सल्ले ऐकून ऐकून माझे कान किटले होते.

"सुई म्हना का बांगडी म्हना, हात तं बाईचाच हाय ना!"

सिस्टरनं कोमट पाण्याचं भांडं आणलं, माझा हात त्यात बुडवला आणि म्हणाली, "चाची, हात धुऊन घ्या आणि पाहा बरं."

चाचीनं माझा हात मांडीवर घेतला. टोचलेल्या जागा सोडून बोटांच्या पेरांपासून हलकं हलकं दाबू लागली. अंगठ्याखालचा मऊ भाग आत दाबायची, सोडायची.

"माहेर कुठलं?"

"जानेफळ."

"घरी कोन कोन होते?"

मी तुटक उत्तरं देत होते. मग भावानं माझं दप्तर विहिरीत टाकल्याची गोष्ट निघाली. नवं दप्तर येईपर्यंत आठ दिवस मी शाळेत गेले नव्हते, आणि तसे आठ दिवस मला पुन्हा मिळाले नाहीत. शाळामास्तरीण हे सांगते म्हणून चाची हसली, मीही हसले.

"हलू नका," सिस्टर म्हणाली. "लागली."

नळीत रक्त दिसलं, सलाइन टपटपू लागलं. मी बघतच राहिले.

"बांगडी भरताना बाई भेते, हात आखडते," चाची म्हणाली. "मंग माहेर इचारावं. माहेराचं बोलाले लागली का हात आपोआप ढिल्ला पडते."

सिस्टरनं लाल औषध अगदी हळू दिलं, "जळजळ होते का?" असं पुन्हा पुन्हा विचारत. झाली नाही. शेवटचा थेंब संपला तेव्हा मी इतक्या मोठ्यानं हसले की नवरा दचकून आत आला.

चाचीच्या मात्र दोन केमो उरल्या होत्या. त्यातली एक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत झाली. एकवीस दिवसांनी माझी तारीख नव्हती, शाळा उघडायला चार दिवस होते, तरी मी मास्क लावून पहाटेची बस पकडली.

"तुयी तं संपली, आता काऊन चालली?" नवऱ्यानं विचारलं आणि माझ्या आधी बसमध्ये चढला.

जाऊन पाहते तर चाचीचीच नस सापडत नव्हती. ओठ घट्ट मिटलेले, मूठ आवळलेली. मी हात धुतले आणि तिचा हात मांडीवर घेतला.

"कनीक मळून राह्यल्या का, ताई?"

"गप्प बसा. माहेर कुठलं तुमचं?"

तिचे डोळे भरून आले. "मले हे कोनी इचारलंच नाही, ताई."

मग हळूहळू सांगू लागली. बाप सायकलवर बांगड्या विकायचा, ही पुढच्या दांडीवर. एकदा उतारावर ब्रेक लागेना. बापानं सायकल सरळ रस्त्याकडेला रचलेल्या कडब्याच्या गंजीत घातली. सगळ्या बांगड्या रस्त्यावर, चक्काचूर. आणि बाप? तो बांगड्यांकडे पाहीचना, हिचेच हातपाय चाचपत राहिला. हे सांगताना तिचा हात माझ्या हातात पार सैल पडला होता.

"चाची, सुई लागली कधीचीच," सिस्टर म्हणाली. "सलाइन सुरू झालं."

"थांब वो माय," चाची म्हणाली, "आमी आजून गंजीतच हाओत!"