शिवणीच्या फळ्या

मी सर्वांत जास्त ऋणी आहे तो चिंचणीच्या काकांचा. नात्याने ते माझे कोणी नाहीत. त्यांच्या घरामागे चिकूच्या झाडांखाली पत्र्याची शेड आहे, तिथे ते हाताने गिटार बनवतात. कॉलेजच्या गॅदरिंगला माझ्या हातून कोणाची तरी गिटार पडली आणि तिची मान मोडली. ती घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. त्यांनी सरस तापवला, मान जोडली, शिकंज्यात आवळली आणि ती सुकेपर्यंत माझी चौकशी केली. आमची सालवडला एक खोली होती. आईवडील डोंगरातल्या पाड्यावरून कामासाठी इकडे आलेले. आमच्यात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नव्हतं.

"मंग अभ्यास कुठं करतो?" काकांनी विचारलं.

"होत नाही," मी खरं ते सांगितलं.

"इथं बसत जा. पन फुकट नाय. तासभर पुस्तक, तासभर रंधा."

अशी माझी बी.एस्सी. त्या शेडमध्ये झाली. पुस्तकाच्या पानांत लाकडाची सालपटं अडकलेली असायची. परीक्षेच्या दिवसांत काका रंधा बाजूला ठेवून कानस चालवायचे, म्हणजे आवाज कमी होईल. पदवी मिळाली तेव्हा वडिलांना राहवेना. पाड्यावर आमच्या बांधावरची जुनी शिवण वादळात पडली होती. तिचं खोड त्यांनी टेम्पोत घालून चिंचणीला आणलं.

"आमी दुसरं काय देनार?" वडील म्हणाले.

काकांनी खोडावर हात फिरवला. "अरे, यात गिटारी झोपल्यात. त्यांना सुकू दे, मंग उठवू."

त्यांनी खोडाच्या फळ्या पाडून घेतल्या आणि स्वयंपाकघराच्या माळ्यावर, चुलीच्या उबेत रचून ठेवल्या. वर्षं गेली तरी त्यांना हात लावला नाही. मी विचारलं की म्हणायचे, "तुझा हात तयार व्हायचाय आजून."

गिटारच्या पोटावर जी पातळ फळी असते तिला काका छाती म्हणतात. सगळा आवाज तिच्यात. ती रंध्याने तासत जायची, मध्येच उचलून दोन बोटांत धरायची आणि टिचकी मारून कानाशी न्यायची. जाड असेल तर नुसतं टक्क वाजतं. हळूहळू त्या टक्कच्या मागे एक बारीक किणकिण येऊ लागते, आणि एका क्षणी ती मोकळी होते. तिथे थांबायचं. पुढे आणखी तासलं तर किणकिण जाते आणि आवाज पोकळ होतो. काका म्हणायचे, "बोलली!" काकी दारातून म्हणायच्या, "दोघंबी फळी कानाला लावून हुभे. जसा काय फोन आलाय."

ती किणकिण मला ऐकू यायची. हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की याला कधी येतच नव्हतं.

मग बोईसरच्या एमआयडीसीतल्या एका कापड कारखान्यात मला सुपरवायझरची नोकरी लागली. यंत्रमागांच्या हॉलमध्ये उभं राहिलं की शेजारच्या माणसाचं बोलणंही ओठांवरून ओळखावं लागतं. कानात घालायच्या बुचांचा डबा दारातच होता. एक जुना कारागीर मला म्हणालाही होता, "साब, कान बचाओ. तनखा में कान नहीं मिलता." मी हसलो. साहेबाने कानात बुचं घालून फिरावं हे मला शोभेना. आमच्या घरातला पहिला साहेब होतो ना मी.

किणकिण कधी गेली ते कळलं नाही. एका रविवारी काकांनी टिचकी मारली आणि मला नुसतं टक्क ऐकू आलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. मी म्हणालो, "बोलली."

"शाब्बास," काका म्हणाले.

त्यानंतर मी लाकूड ऐकणं सोडलं आणि काकांचा चेहरा वाचू लागलो. ओठ मिटलेले असले की म्हणायचं, "अजून थोडं." भुवया उचलल्या की, "बोलली." कारखान्याच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी सांगितलं की बारीक आवाज माझ्या दोन्ही कानांतून गेले आहेत, परत येणार नाहीत. तो कागद मी घडी करून पाकिटात ठेवला आणि पुढच्या रविवारी चिंचणीला जाऊन पुन्हा तसंच केलं. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझ्या मागं ही शेड ह्याची. ह्याला कान हाय." मी मान खाली घालून सालपटं गोळा करायचो. लोकांना तो विनय वाटायचा.

गेल्या थंडीत काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. लाकडाची धूळ चालणार नव्हती, म्हणून ते आत खाटेवर पडून राहिले. दांडी गावच्या एका मच्छीमार भाऊंची गिटार अर्धी झाली होती. ते लग्नांत वाजवतात आणि त्यांना ती लग्नसराईआधी हवी होती. काकांनी मला खाटेजवळ बोलावलं.

"माळ्यावरची शिवण काढ. तुझ्या बापाचं लाकूड, तुझा हात. छाती तूच कर. मला दाखवायलाबी आणू नको."

तेव्हा सांगता आलं असतं. मी "बरं" म्हणालो.

शेडमध्ये एकटा बसलो. फळी सुंदर होती, फिकट आणि सरळ रेषांची. मी तासत गेलो, टिचकी मारत गेलो. टक्क, टक्क. समोर भुवया नव्हत्या. अजून थोडं, अजून थोडं, असं करत मी त्या किणकिणीची वाट पाहत राहिलो. ती केव्हा येऊन गेली असेल कोण जाणे. फळी बोटांत लवायला लागली तेव्हा थांबलो. आतून आधाराच्या पट्ट्या चिकटवल्या, छाती बसवली, पॉलिश केलं, तारा लावल्या.

भाऊ आले. काका काळा चष्मा लावून ओटीवर बसले होते. भाऊंनी एकदा तारा छेडल्या, मग कान टेकवून परत छेडल्या.

"काका, ही गिटार हाय का पान्याचा माठ? ही वाजवली तं नवरी मांडवातनं पलून जायची!"

काका हसले नाहीत. त्यांनी गिटार मांडीवर घेतली, छातीवर अंगठा दाबला. मग माझ्याकडे वळून विचारलं, "तू ऐकलंस ना नीट?"

"ऐकलं, काका," मी म्हणालो. "चांगली बोलली होती. लाकूडच आतून ओलं असेल."

त्यांनी गिटार मांडीवरून उतरवून ठेवली. मग भाऊंना म्हणाले, "ह्याचा दोष नाय. लाकूड मी सुकवलं. माझीच चूक हाय. तुला दुसरी करून देतो."

"तुमी आनि चूक?" भाऊ म्हणाले.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा मागच्या अंगणात काकी आंघोळीचं पाणी तापवत होत्या. चुलीत शिवणीची फळी जळत होती. दुसरी शेजारी तोडून ठेवलेली होती.

"हे काय, काकी?"

"ह्यांनीच काढून दिल्या. म्हनतात, ओलं लाकूड ठेवलं तं उद्या दुसऱ्याच्या गळ्यात पडंल."

काका मागे येऊन उभे होते. हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या बापाला सांगू नको हां. त्याला वाईट वाटंल."

मी तेव्हाही बोललो नाही. काकींनी वाढलेली बोंबलाची आमटी आणि भात जेवलो आणि बोईसरच्या रिक्षात बसलो. फोन करायचं धाडस नव्हतं. समोर जाऊन सांगावं, तर त्यांचा चेहरा पाहून मी शब्द बदलले असते. ती सवय मला लागली आहे. म्हणून त्याच दिवशी बसून हे पत्र लिहिलं आणि सकाळी टाकलं.

"काका, नमस्कार.

माळ्यावर उरलेल्या फळ्या कृपा करून जाळू नका. लाकूड सुकं आहे. तुमची काही चूक झालेली नाही. छाती मी प्रमाणाबाहेर तासली, कारण मला किणकिण ऐकू येत नाही. कारखान्यात माझे कान गेले. ही गोष्ट मला बऱ्याच दिवसांपासून माहीत आहे. तुमच्या भुवया बघून मी 'बोलली' म्हणायचो. भाऊंसमोर खोटं बोललो आणि तुम्ही ते स्वतःवर घेतलंत.

वडिलांना मी आजच सगळं सांगितलं.  ते एवढंच म्हणाले, 'काकाला कळव.' दांडीला जाऊन भाऊंनाही मीच सांगेन.

शेड कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. ज्याला कान आहे त्याला द्या. मला ठेवलंत तर मी सरस तापवीन, पट्ट्या कापीन, झाडलोट करीन. छातीला हात लावणार नाही.

काकींना सांगा, पाणी तापवायला येत्या रविवारी मी सुक्या झावळ्या घेऊन येतो. तुम्हाला मला बघायचं नसेल तर अंगणात ठेवून जाईन."